ऐन सामन्यात दगा देऊ नये म्हणून: एअर रायफल आणि पिस्तुलाची तपासणी

नऊ-दहामध्ये बसणारे शॉट अचानक आठवर जायला लागले की नवखा नेमबाज दोनांपैकी एक चूक करतो. एक तर सगळा दोष स्वतःकडे घेऊन तासभर पवित्रा बदलत बसतो, नाहीतर साइटच्या (नेम धरायच्या भागाच्या) घुंड्या फिरवत सुटतो. खरा बिघाड कुठेतरी सैल झालेल्या एका स्क्रूत किंवा दाब उतरलेल्या हवेच्या टाकीत असतो आणि तो दोन्ही वेळा तसाच राहतो. चूक हाताची की यंत्राची, हे पाच-दहा मिनिटांत ठरवता आले पाहिजे. खालची सगळी माहिती त्यासाठी आहे. भर 10 मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलावर आहे, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

कुठल्याही तपासणीआधी छर्रा भरलेला नाही याची खात्री करा, नळीत सुरक्षा दोरी (नळी रिकामी असल्याची खूण म्हणून आरपार घालायची रंगीत दोरी) घाला आणि तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. हवा गळते का हे पाहताना नळीच्या तोंडासमोर चेहरा नेणारे लोक असतात. तसे करू नका.

आधी नोंद, मग तपासणी

बिघाड ओळखायचा तर ठीक असताना यंत्र कसे होते हे माहीत हवे. ज्या दिवशी शॉट मनासारखे बसतात त्याच दिवशी वहीत लिहा: टाकीचा दाब, साइटच्या दोन्ही घुंड्यांचे आकडे, मागच्या साइटच्या आयरिसचे (डोळ्यासमोरच्या, लहानमोठे करता येणाऱ्या चकतीचे) छिद्र किती मिलिमीटर, पुढच्या साइटमध्ये कोणती रिंग, बटची लांबी आणि उंची, गालपट्टीची उंची, ट्रिगरचे वजन, छऱ्यांचा ब्रँड, डोक्याचा व्यास आणि डब्यावरचा लॉट क्रमांक. सरकणाऱ्या प्रत्येक भागाचा शेजारी पट्टी धरून फोटो काढा. यानंतर एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की तारखेसह लिहायची. गालपट्टी आणि आयरिस एकाच संध्याकाळी बदलले, तर दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या किंवा वाईट गुणांचे श्रेय कोणाला द्यायचे, हे कधीच कळत नाही.

हवा

आजच्या बहुतेक स्पर्धात्मक एअरगन दाबाखालच्या हवेवर चालतात. टाकीतली हवा साधारण 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरलेली असते. रेग्युलेटर ती खालच्या, ठरावीक दाबावर आणतो आणि प्रत्येक शॉटला व्हॉल्व्ह मोजकीच हवा सोडतो. या साखळीत कुठेही बिघाड झाला की छऱ्याचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की उंची बदलते.

किती बदलते, हे गणिताने पाहू. छर्रा 170 मीटर प्रतिसेकंद वेगाने गेला तर 10 मीटरला सुमारे 0.059 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो जवळपास 17 मिलिमीटर खाली येतो. वेग 165 झाला तर हाच आकडा 18 होतो. म्हणजे वेगात 5 मीटरचा फरक, लक्ष्यावर 1 मिलिमीटर. एअर रायफलच्या लक्ष्यावर दोन वर्तुळांतले अंतर 2.5 मिलिमीटर असते आणि दशांशाची एक पायरी 0.25 मिलिमीटर, तेव्हा 10.5 चा शॉट 10.1 व्हायला एवढे पुरते. पिस्तुलाच्या लक्ष्यावर वर्तुळांतले अंतर 8 मिलिमीटर आहे, तिथे हा फरक क्वचित जाणवतो. म्हणून रायफलवाल्याने हवेकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. पिस्तूलवाल्याने तीच चिंता ट्रिगरसाठी राखून ठेवलेली बरी.

टाकी सावकाश भरा. भसकन भरली की हवा तापते, दाबमापक 200 दाखवतो आणि टाकी थंड झाली की काटा खाली येतो. ही गळती नव्हे. खोलीचे तापमानही काटा हलवते: 30 अंशांवर 200 बार भरलेली टाकी 20 अंशांच्या हॉलमध्ये सुमारे 193 दाखवेल. 200 बारच्या टाकीला 300 बारचा स्रोत थेट जोडू नका. पंप वापरत असाल तर मध्ये थांबून तो थंड होऊ द्या आणि आतले पाणी काढून टाका, कारण ओलसर हवा रेग्युलेटरमध्ये गंज धरवते. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. सांध्यांना पेट्रोलियमचे तेल किंवा ग्रीसही लावायचे नाही, कारण जास्त दाबाखाली ते पेट घेऊ शकते. ओ-रिंगला (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरेसा होतो.

टाकीवर निर्मितीची तारीख कोरलेली असते. युरोपीय उत्पादक साधारण 10 वर्षांची मुदत देतात. टाकी मुदतीत आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाची असते. जुनी रायफल विकत घेताना लोक नळीत डोकावतात, बट न्याहाळतात आणि ही तारीख वाचायची विसरतात.

गळतीची शंका आली तर या क्रमाने जा:

1. भरलेली टाकी रायफलला लावून ठेवा, दाब आणि खोलीचे तापमान लिहा. 12 तासांनी त्याच तापमानाला पुन्हा वाचा.
2. दाब उतरला असेल तर टाकी पुन्हा भरून, या वेळी सुटी काढून तेवढाच वेळ ठेवा. टाकीवर स्वतःचा दाबमापक नसेल तर आधी आणि नंतर बंदुकीला जोडून वाचा.
3. सुट्या टाकीचाही दाब उतरला तर दोष टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा दाबमापकाच्या सांध्यात आहे. तिथे साबणाचा फेस लावा, बुडबुडे जागा दाखवतात. मग कोरडे पुसा.
4. सुटी टाकी टिकली तर गळती बंदुकीत आहे. आधी सांध्याची ओ-रिंग पाहा. तिच्यावर काप, चपटेपणा किंवा केस-धूळ असते. बदलायला दोन मिनिटे लागतात.
5. ओ-रिंग ठीक असूनही उतरत असेल तर टिश्यू कागदाची बारीक पट्टी नळीच्या तोंडाशी धरा. ती हलत असेल तर आतला व्हॉल्व्ह बसत नाही. इथून पुढे कारागिराचे काम. रेग्युलेटर घरी उघडू नका.

रेग्युलेटरचा दोष गळतीइतका उघड नसतो. त्याची सर्वांत ओळखीची खूण अशी: दहा मिनिटे थांबून मारलेला पहिला शॉट वर जातो आणि पुढचे पुन्हा जागेवर येतात. थांबलेल्या वेळात आतला दाब हळूहळू चढत असतो. क्लबमध्ये वेगमापक असेल तर 10 शॉट सलग मारून वेग लिहा, मग दहा मिनिटे थांबून एक मारा. सलग दहांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात तीन-चार मीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल, किंवा थांबल्यानंतरचा शॉट या गटाबाहेर जात असेल, तर सर्व्हिसिंगची वेळ झाली.

एका सामन्याला किती हवा लागते हे मोजून ठेवा. पात्रता फेरीत 60 शॉट असतात, त्याआधीच्या 15 मिनिटांत साइटिंगचे (गुण न धरले जाणारे, नेम जुळवायचे) वीसपंचवीस जातात. समजा 85 शॉटला काटा 190 वरून 130 वर आला, तर शॉटमागे 0.7 बार. दाब रेग्युलेटरच्या किमान पातळीखाली गेला की शॉट हळूहळू खाली घसरतात. ही पातळी प्रत्येक बनावटीची वेगळी असते आणि माहितीपुस्तिकेत दिलेली असते. तिच्या वर निदान 30 बार शिल्लक राहतील असा हिशेब धरा. सामन्यासाठी टाकी आदल्या संध्याकाळी भरा. सकाळी काटा जागेवर दिसला म्हणजे ती रात्रभर टिकली, हेही आपोआप कळते. ऐन वेळी भरलेल्या टाकीबद्दल अशी खात्री देता येत नाही.

ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करू नका, थोडा दाब राहिला की सील जागेवर बसून राहतात. विमानप्रवासात मात्र रिकामी टाकी मागतात, तेव्हा हवा सोडण्याचे साधन आणि मुक्कामाच्या ठिकाणी लागणारे ॲडॉप्टर, दोन्ही सोबत हवे.

स्क्रू आणि साइट

एअरगनला धक्का कमी बसतो म्हणून स्क्रू सैल होत नाहीत, हा गैरसमज आहे. रोज पेटीतून काढणे-ठेवणे, तापमानातले चढउतार, लाकडी दस्त्याचे फुगणे-आकसणे यांनी ते हळूहळू सुटतात. आठवड्यातून एकदा हे भाग हाताने धरून हलवून पाहा: मागची साइट रेलवर, पुढच्या साइटचे नळकांडे, नळीवरची वजने, गालपट्टी, बट, दस्ता आणि मुख्य यंत्रणा जोडणारे स्क्रू, पिस्तुलाच्या मुठीचा बोल्ट. बोटाला किंचितही हालचाल जाणवली तर सापडले.

घट्ट करताना जोर लावण्याची हौस आवरा. उत्पादकाने दिलेल्या मापाला टॉर्क स्क्रूड्रायव्हरने (ठरवलेल्या जोरालाच थांबणाऱ्या) कसा आणि मग स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर पेंटची एक बारीक रेघ ओढा. पुढे रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे हात न लावता कळते. दस्त्याचे दोन मुख्य स्क्रू कधी घट्ट, कधी सैल असतील तर गटाची जागा सरकते. ते नेहमी सारख्याच मापाला हवेत. स्क्रू पक्के करणारा डिंक साइटच्या किंवा ट्रिगरच्या स्क्रूंना लावू नका. ट्रिगरमध्ये तो झिरपला तर पूर्ण यंत्रणा उघडून धुवावी लागते.

साइट नीट चालते का, यासाठी चौकोनाची परीक्षा घ्या. रायफल टेकूवर ठेवून मध्यावर तीन शॉट मारा. निशाणा तोच ठेवून घुंडी 20 क्लिक (खट्ट वाजणाऱ्या पायऱ्या) वर, तीन शॉट. मग 20 उजवीकडे, तीन शॉट. 20 खाली, 20 डावीकडे. पाचवा गट पहिल्यावर बसला पाहिजे आणि चारही बाजू सरळ आल्या पाहिजेत. बाजू तिरक्या आल्या तर साइट किंवा बंदूक कललेली आहे. पाचवा गट पहिल्यावर बसत नसेल तर घुंडीत मोकळी चाल आहे. अशी चाल असलेली साइट वापरायची वेळ आलीच, तर शेवटचे फिरवणे नेहमी एकाच दिशेने करा: खाली आणायचे असेल तर दोन क्लिक जास्त खाली जाऊन दोन वर या.

आयरिसवरचा आकडा रोज वाचा. 1.1 वर ठेवलेले छिद्र पेटीत घासून 1.4 होते, सगळे किंचित धूसर दिसते आणि नेमबाज चष्म्याचा नंबर तपासायला जातो. थंड जागेतून उबदार हॉलमध्ये आल्यावर पेटी अर्धा तास उघडी ठेवा, म्हणजे काचेवर धरलेले बाष्प निघून जाईल.

ट्रिगर

एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमची अट आहे. एअर रायफलच्या ट्रिगरला वजनाची अट नाही. तपासणीत पिस्तूल सज्ज करून नळी उभी धरतात, वजन ट्रिगरला अडकवतात आणि सावकाश उचलतात. वजन पेलले पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. ही चाचणी सामना संपल्या संपल्याही होऊ शकते, तेव्हा सकाळी 500 वर जेमतेम बसलेला ट्रिगर दुपारी नापास होणे म्हणजे साऱ्या कष्टांवर पाणी. 510 ते 520 च्या दरम्यान ठेवा. घरी तपासताना हवा सुटेल अशा अवस्थेतच तपासा. ड्राय फायरच्या (हवा न सोडता नुसता ट्रिगर ओढण्याच्या) अवस्थेत वजन वेगळे येऊ शकते आणि अधिकृत चाचणी हवेसह होते.

ट्रिगर फिरवण्याआधी प्रत्येक स्क्रू कुठे आहे याचा फोटो काढा, मग पाव फेऱ्यांत मोजत जा. ट्रिगरचा पहिला टप्पा (बोट अडेपर्यंतची हलकी ओढ) कधी लांब, कधी आखूड वाटत असेल किंवा दुसरा टप्पा हरवला असेल, तर स्क्रू सरकला आहे किंवा आत धूळ आणि घट्ट झालेले तेल साचले आहे. वरून तेल ओतणे हा उपाय नाही, त्यावर आणखी धूळ बसते. सज्ज करून जोरदार थोपटल्यावर ट्रिगर आपोआप सुटत असेल तर बंदूक त्याच क्षणी बाजूला ठेवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर मोठ्या सामन्याआधी नवी बॅटरी घाला, जुनी अजून चालते असे वाटत असले तरी.

ड्राय फायर आणि खरा शॉट यांत बदल करणाऱ्या खटक्याची सवय हासुद्धा भरवशाचाच भाग आहे. सामन्याचा पहिला शॉट झाल्यावर हवा सुटली आणि छर्रा लक्ष्यावर लागला नाही, तर तो शून्य धरला जातो. छर्रा भरायला विसरलात किंवा ड्राय फायर समजून खरी हवा सोडलीत, तरी निकाल तोच. सरावात खटका बदलला की तोंडाने म्हणा, बोटाने शिवून पाहा, मगच बंदूक उचला.

छर्रे आणि नळी

सपाट तोंडाचे 4.5 मिलिमीटरचे छर्रे वापरतात. रायफलसाठी सुमारे 0.53 ग्रॅमचे, पिस्तुलासाठी बरेचजण थोडे हलके घेतात. डोक्याचा व्यास 4.48 ते 4.52 अशा बारीक फरकांनी मिळतो आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. मित्राला 4.50 लाभला म्हणून तुम्हाला लाभेलच असे नाही. बंदूक शिकंज्यात किंवा भक्कम टेकूवर धरून प्रत्येक प्रकाराचे 10-10 शॉटचे तीन गट मारा. पाच शॉटचा एक सुंदर गट योगायोगानेही पडतो, त्यावर भरवसा ठेवू नका. जो लॉट जमला त्याचे हंगामभर पुरतील एवढे डबे एकदम घ्या.

शिसे मऊ असते. डबा पडला की कडेच्या छऱ्यांचे मागचे पोकळ घेर चेपतात आणि तेच नंतर विनाकारण आठवर जातात. पडलेला डबा सरावाला ठेवा. छर्रा भरण्याआधी घेर गोल आहे ना, शिशाचा तुसा चिकटला नाही ना, एवढे पाहायला एक सेकंद लागतो. सराव संपल्यावर हात साबणाने धुवा, त्याआधी खाऊ नका.

नळी साधारण 500 छऱ्यांमागे, म्हणजे एक डबा संपला की, फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा: दोन फेल्ट एकत्र भरून मारा, पांढरे निघेपर्यंत पुन्हा. उत्पादकाने सांगितलेच असेल तर मधल्या जोडीला तेलाचा एक थेंब, नंतर कोरडे. स्वच्छतेनंतरचे पहिले पाच-दहा शॉट इकडेतिकडे जातात, त्यामुळे सामन्याच्या सकाळी हे काम करू नये. लोखंडी गज पुढच्या तोंडाने घालू नका. तिथली कड खराब झाली तर छर्रा सुटतानाच तिरका होतो.

लक्ष्य काय सांगते

पूर्ण गट घट्टच आहे पण जागा सरकली: साइट, नळीवरची वजने, दस्त्याचे स्क्रू किंवा गालपट्टी पाहा. शॉट उभ्या रेषेत पसरले: हवा आणि वेग, पण आधी श्वासाची लय तपासा, कारण ती चूक हुबेहूब अशीच दिसते. गट चांगला आणि मध्येच एखादा शॉट दूर: छर्रा किंवा घाणेरडी नळी. गट सगळीकडून फुगला: सैल भाग, नाहीतर थकलेला नेमबाज. शेवटचा निवाडा टेकूवर होतो. टेकूवरचे 10 शॉट वहीतल्या जुन्या गटाइतकेच घट्ट आले तर यंत्र निर्दोष आहे, साइटला हात लावू नका.

पुढे पॉइंट टू टू (बारुदाची गोळी झाडणारी .22) रायफल हातात आली तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. घोडा पडला आणि गोळी उडाली नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी भरू नका, आधीची नळीत अडकलेली असू शकते.

जॅकेट, पँट आणि बूट बिघडत नाहीत असे वाटते, पण तुटलेले बटण किंवा झिजलेला तळवा उभे राहण्याची पद्धत बदलतो. सुटे बटण आणि बुटांची जादा नाडी पेटीत टाका.

पेटी आणि सामन्याचा दिवस

पेटीत हवे ते: 2 ते 5 मिलिमीटरच्या ॲलन की, बारीक स्क्रूड्रायव्हर, ओ-रिंगचा संच, सिलिकॉन ग्रीस, भरलेली दुसरी टाकी, पुढच्या साइटची जादा रिंग, बॅटऱ्या, फेल्ट, मऊ कापड, जादा सुरक्षा दोरी, त्याच लॉटचा दुसरा डबा, वही आणि पेन्सिल. दुसरी टाकी सरावात वापरून पाहिलेली हवी. पहिल्यांदाच लावली आणि तिचे वजन वेगळे निघाले तर तोल बदलतो.

लेनवर जाण्याआधी काटा वाचा, पेंटच्या रेघांवरून नजर फिरवा, घुंड्यांचे आकडे वहीशी ताडून पाहा, एकदा ड्राय फायर करा. साइटिंगच्या वेळेत पहिले पाच शॉट साइटला हात न लावता मारा. थंड हात आणि पहिल्या शॉटची धडधड यांचा हिशेब साइटवर मांडू नये.

मध्येच काही बंद पडले तर बंदूक लक्ष्याच्या दिशेला ठेवूनच हात वर करा आणि पंचांना बोलवा. छर्रा आत असेल तर ते सांगा, परवानगीशिवाय उडवू नका. पंच आल्यावर आधी टाकी, मग ड्राय फायरचा खटका, मग ट्रिगर असे पाहा, कारण निम्म्या वेळा एवढ्यातच उलगडा होतो. स्वतःच्या साहित्याच्या दोषासाठी जादा वेळ मिळेल अशी आशा धरू नका. 75 मिनिटांत 60 शॉट म्हणजे प्रत्येकी सव्वा मिनिट, तेव्हा 50 मिनिटांत संपेल असा वेग सरावात बसवला तर दुरुस्तीला 25 मिनिटे हाताशी राहतात. बंदूक बदलावी लागली तर ती आधी तपासणीतून पास झालेली असली पाहिजे. क्लबमधल्या कोणाची घ्यायची आणि तिची साइट तुमच्या डोळ्याला किती क्लिक हलवावी लागते, हे आठवडाभर आधी पाहून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.